निळं पाणी नितळ झालं, पण विष गेलं का?

प्रश्न केळापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "गावात एक विक्री प्रतिनिधी आले होते. बाटलीत गडद निळं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर पिवळसर पावडर टाकली आणि बाटली उन्हात ठेवली. पाऊण तासात पाणी नितळ झालं. म्हणाले, हे हायब्रिड नॅनोमटेरियल आहे, साध्या उजेडावर चालतं, फवारणीचं विषही असंच फोडतं. सरपंचताईंना ते सार्वजनिक विहिरीसाठी घ्यायचं आहे. घ्यावं का? शिवाय माझी पुतणी एम.एस्सी. रसायनशास्त्राला आहे. तिला याच विषयावर प्रकल्प करायचा आहे. तो आपल्या भागाच्या कामाचा होईल का?"

विहिरीत टाकू नका. प्रकल्प मात्र खुशाल करू द्या.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही पावडर म्हणजे निव्वळ थाप नाही. उजेडाच्या जोरावर पाण्यातलं रसायन तोडता येतं, हे विज्ञान पक्कं आहे आणि जुनंही आहे. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तेव्हापासून यावर काम चालू आहे. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. त्याच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि खाली धन प्रभाराची रिकामी जागा उरते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला पकडून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप) तयार करतो, होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतो. हा हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका आक्रमक असतो की समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार एवढंच उरावं, ही अपेक्षा.

अडचण प्रकाशाची आहे. इलेक्ट्रॉनला जी उडी मारावी लागते तिला बँड गॅप म्हणतात. 1240 ला बँड गॅपने भागलं की किती नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश चालेल ते निघतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे मर्यादा 388 नॅनोमीटर. हा झाला अतिनील पट्टा. आपल्याकडच्या उन्हाने मे महिन्यात डांबर वितळतं, पण त्या उन्हातही अतिनील भाग 4-5 टक्केच असतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश 400 ते 700 नॅनोमीटरचा, आणि उन्हाच्या ऊर्जेत त्याचा वाटा 43-45 टक्के. एवढा उजेड वाया जातो म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. त्यातला सगळ्यात लोकप्रिय म्हणजे ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. 2009 पासून त्याचा बोलबाला आहे. बँड गॅप 2.7, म्हणजे 460 नॅनोमीटरपर्यंतचा निळा उजेडही चालतो. रंग पिवळा असतो, त्यामुळे तुमच्याकडची पावडर त्याच घराण्यातली असावी असा माझा अंदाज आहे.

मग ‘हायब्रिड’, म्हणजे दोन पदार्थांची जोड, कशाला? कारण एकट्या पदार्थाचे हात तोकडे पडतात. बँड गॅप लहान केला की उजेड जास्त पकडला जातो, पण इलेक्ट्रॉन किंवा होल यांपैकी एकाचा तरी जोर कमी होतो. कार्बन नायट्राइडचा इलेक्ट्रॉन जोरकस, सुपरऑक्साइड सहज बनवतो, पण त्याच्या होलमध्ये पाण्यापासून हायड्रॉक्सिल काढायची ताकद नसते. बिस्मथ व्हॅनाडेटचं नेमकं उलट: होल तगडा, इलेक्ट्रॉन ढिला. दोघांना नीट चिकटवलं तर एकाचा ढिला इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या ढिल्या होलशी जुळून संपून जातो आणि दोन्हीकडचे जोरकस तेवढे कामाला उरतात. याला झेड-स्कीम म्हणतात. खोल विहिरीचं पाणी एका लहान मोटरने वर चढत नाही तेव्हा मधल्या टाकीत घेऊन दुसऱ्या मोटरने उचलतात, तसा हा दोन टप्प्यांचा उपसा आहे: अतिनील प्रकाशाच्या एका कणाचं काम दृश्य प्रकाशाचे दोन कण मिळून करतात. जोड नीट जमली नाही तर मात्र ती नुसती दोन पावडरींची मिसळ ठरते. कागदावर झेड-स्कीम काढलेले आणि प्रत्यक्षात मिसळच असलेले नमुने मी बरेच पाहिले आहेत.

आता त्या निळ्या बाटलीकडे येऊ.

ते निळं बहुधा मिथिलीन ब्लू असणार. प्रयोगशाळेत सगळे तेच वापरतात, स्वस्त आहे आणि फरक डोळ्यांना दिसतो. पण निळं पाणी नितळ व्हायला निदान चार कारणं असू शकतात आणि त्यातल्या एकातच पावडरने स्वतः रेणू मोडलेला असतो. पहिलं, पावडरने रंग नुसता शोषून घेतला. पावडरीत कोळशाचा अंश असेल तर हे हमखास होतं. दुसरं, मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळून तो रंगहीन रूपात गेला, रेणू जागच्या जागी आहे. शाळेत ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा घालून ‘निळी बाटली’ दाखवतात, तोच प्रकार. तिसरं, रंगाने स्वतःच प्रकाश पकडला. मिथिलीन ब्लू 664 नॅनोमीटरच्या लाल उजेडाला जोरात शोषतो, आपला इलेक्ट्रॉन पावडरकडे ढकलतो आणि त्या भानगडीत स्वतः तुटतो. इथे रेणू मोडतो खरा, पण पावडरच्या गुणाने नव्हे, रंगाच्या गुणाने. कीटकनाशक पाण्यात बिनरंगाचं असतं. ते असा उजेड पकडतच नाही, म्हणून या प्रयोगावरून त्याच्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. चौथं कारण आपल्याला हवं ते, उजेडाने चेतलेल्या पावडरने रेणू फोडला.

हे तपासायला यंत्र लागत नाही. तो माणूस पुन्हा आला तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच करा. सारख्या तीन बाटल्या, तिन्हीत सारखं निळं पाणी. एकीत पावडर घालून उन्हात. दुसरीत तेवढीच पावडर, पण बाटली काळ्या कापडात गुंडाळून उन्हातच, म्हणजे तापमान सारखं राहील. तिसरी पावडरशिवाय उन्हात. मधूनमधून तिन्ही हलवत राहा. काळ्या कापडातलीही नितळ झाली तर उजेडाचा संबंध नाही, पावडरने रंग गिळला. मग तळाचा गाळ काढून त्यावर थोडं स्पिरिट ओता, निळा रंग परत सुटताना दिसेल. तिसरी फिकी पडली तर तेवढं श्रेय उन्हाचं. आणि पहिली नितळ झाल्यावर झाकण उघडून हवा घ्या, बूच लावून जोरात हलवा. पाणी पुन्हा निळसर झालं तर रेणू कुठे गेलेलाच नव्हता. ही शेवटची कसोटी प्रतिनिधीला न सांगता करा. चेहरा पाहण्यासारखा असतो.

समजा पावडर तिन्ही कसोट्यांना उतरली. तरी विषाचा प्रश्न बाकी राहतोच, कारण रेणू तुटणं म्हणजे निर्विष होणं नव्हे. ऑर्गनोफॉस्फेट (फॉस्फरस असलेल्या कीटकनाशकांच्या) गटातली बरीच औषधं ऑक्सिडेशनच्या पहिल्या पायरीवर जास्त विषारी होतात. क्लोरपायरीफॉसचं ऑक्सॉन (गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप) बनतं आणि ते मूळ औषधापेक्षा मज्जासंस्थेला कितीतरी जास्त घातक असतं. डायमिथोएटचं ओमिथोएट होतं, तेही तसंच. प्रक्रिया पुढे चालू राहिली तर हेही तुटतात. पण अर्ध्यावर थांबवलं, ढग आले, पावडर थकली, तर बाटलीत आधीपेक्षा वाईट पाणी असू शकतं आणि ते नितळ दिसत असतं. म्हणून या क्षेत्रातला जाणता माणूस ‘किती टक्के औषध गेलं’ एवढ्यावर थांबत नाही. तो ‘एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला’ हे विचारतो. कार्बनचा आकडा खाली आला तरच रेणूचा खरा निकाल लागला. प्रतिनिधीकडे हा अहवाल मागा, तुमच्या भागात चालणाऱ्या औषधांचा, आणि साध्या विहिरीच्या पाण्यात केलेला. डिस्टिल्ड वॉटरमधला चालणार नाही.

विहिरीच्या पाण्याचा मी आग्रह धरतो त्याला कारण आहे. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. तो हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गाठतो आणि त्यातून कार्बोनेट रॅडिकल उरतो, जो संथ असतो आणि ठराविक रेणूंनाच हात लावतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये धडाक्यात चालणारी पावडर इथे रेंगाळते ती यामुळे. पावसाळ्यातला गढूळपणा उजेड अडवतो तो वेगळाच.

आता विहिरीचं गणित. व्यास 5 मीटर, पाणी 4 मीटर धरा. साधारण 78 हजार लिटर पाणी झालं. प्रयोगांमध्ये लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पावडर लागते. एक ग्रॅम धरली तर 78 किलो. एवढी पावडर टाकल्यावर पाणी ताकासारखं होईल आणि उजेड वरच्या काही सेंटीमीटरमध्येच अडकेल. खाली मिट्ट काळोख, तिथे काहीच घडणार नाही. आणि ती पावडर परत काढणार कशी? कण वीस-तीस नॅनोमीटरचे. लुगड्याची चौपदरी घडीही त्यांना अडवत नाही. प्रयोगशाळेत आम्ही सेंट्रिफ्यूज लावतो, गावात ते पोटात जाणार. त्यात पावडरीत कॅडमियम सल्फाइड असेल तर ती दारातही येऊ देऊ नका. पिवळाच रंग, दृश्य उजेडात कामही झकास, पण उजेडाने स्वतःच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सोडतं. घटकांची यादी लेखी मागा. ‘गोपनीय फॉर्म्युला’ असं उत्तर आलं तर बोलणं तिथेच संपवा.

पण या सगळ्यापेक्षा मोठा मुद्दा हा की तुमच्या विहिरीचा आजार बहुधा वेगळाच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले दात तुम्ही वर्गात रोज पाहत असाल. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार आहेत. खताच्या आणि शेणाच्या आसपासच्या विहिरींत नायट्रेट सापडतं. यातल्या कशालाही उजेडाची पावडर काही करू शकत नाही. फ्लोराइड हा मूलद्रव्याचा आयन, तो मोडायचा कशात? उलट फ्लोरीन असलेलं कीटकनाशक मोडलं तर फ्लोराइडच बाहेर पडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. नायट्रेटला 45, तिथे सवलत नाही. फ्लोराइड काढायला तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, ती नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केली. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना आहे. किंवा सगळ्यात शहाणपणाचं, दुसरा स्रोत. जंतूंसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहेच, फक्त जलसुरक्षकाने ती डब्यात न ठेवता वेळेवर टाकायला हवी. पाणी तपासल्याशिवाय औषध ठरवायचं नाही, एवढं सरपंचताईंना सांगा.

मग उजेडाच्या पावडरचं इथे काय काम? आहे, आणि नेमकं आहे. फवारणीचा पंप, ड्रम आणि बाटल्या धुतलेलं पाणी. प्रमाण थोडं, विष दाट, आणि ते जातं कुठे तर धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीच्या काठावरच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा सगळं लक्ष फवारणाऱ्याच्या अंगावर उडणाऱ्या औषधावर होतं, ते बरोबरच होतं. धुण्याच्या पाण्याकडे मात्र कोणी फारसं पाहिलं नाही. स्पेनमध्ये अल्मेरिया भागात हरितगृहांतल्या औषधांचे रिकामे डबे धुतलेलं पाणी सौर प्रकाशाने शुद्ध करण्याचं मोठं काम झालं. तिथे नॅनो पावडरपेक्षा लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी, म्हणजे फोटो-फेंटन, जास्त चालली. नवी महागडी वस्तूच नेहमी जिंकते असं नाही.

त्याहीआधी धुण्याचं पाणी कमी करा. बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं, पंप धुतलेलं पहिलं पाणी वावरातच, त्याच पिकावर फवारून टाकायचं. उरलेल्यासाठी बायोबेड म्हणून एक खड्डा असतो. 1993 मध्ये स्वीडनमध्ये पहिला झाला. अर्धं गव्हाचं कुटार, पाव माती, पाव पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा). पीट आपल्याकडे मिळत नाही, कुजलेलं खत चालतं. त्यातली बुरशी आणि जिवाणू औषध खातात. तळाला अस्तर मात्र हवं, नाहीतर पाझर थेट विहिरीत. मला विचाराल तर गावाने आज खर्च करायचा असेल तर या खड्ड्यावर करावा. उजेडाची पावडर त्याच्या आधीचा टप्पा म्हणून जोडता येईल, दाट विष थोडं फोडून मग जिवाणूंच्या हवाली.

तो टप्पा कसा असावा, तर पावडर पाण्यात सोडायचीच नाही. काचेवर किंवा खडबडीत टाइलवर तिचा लेप भाजून पक्का करायचा, काच तिरकी ठेवायची, आणि गाळलेलं पाणी तिच्यावरून पातळ थरात फिरवत राहायचं. लेप उखडतो का हे दर आठवड्याला बोट फिरवून पाहायचं. बोटाला पिवळं लागलं तर लेप नव्याने द्या.

इथे आपल्या भागाची एक खोच आहे. ऊन मुबलक असतं मार्च ते मे, फवारणी असते जुलै ते ऑक्टोबर. विष असतं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आठ-आठ दिवस ऊन नाही अशा वेळी सौर यंत्रणा काय करणार? मला दृश्य प्रकाशाच्या पदार्थांची खरी किंमत इथे दिसते. अतिनील दिव्याला महागडी नळी, क्वार्ट्झची काच, डोळ्यांना धोका. 450 नॅनोमीटरच्या आसपासची निळी एलईडी पट्टी मात्र बाजारात सहज मिळते, साध्या काचेतून उजेड आरपार जातो, आणि ती लहान सौर पॅनेल-बॅटरीवर झोपडीतही चालते. कार्बन नायट्राइडला हाच उजेड मानवतो. पुतणीने याच दिशेने जावं.

तिच्यासाठी थोडं सविस्तर. कार्बन नायट्राइड मेलामाइन किंवा युरियापासून, झाकलेल्या क्रूसिबलमध्ये 550 अंशांवर भाजून बनतो. युरियाचा माल सच्छिद्र आणि चांगला, पण उतारा अगदी कमी. मेलामाइनचा उतारा बराच जास्त. अमोनिया सुटतो, धुराड्याखालीच करायचं. कृषी केंद्रातल्या गोणीचा युरिया घेऊ नये. त्याला निंबोळी तेलाचा थर असतो, आणि अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं कायद्यात बसत नाही. हायब्रिड करायला दुसरा घटक गावातलाच घ्यावा: पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, कोळसा. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून जाळतातच. त्या कमी हवेत 500 अंशांच्या आसपास भाजल्या की बायोचार मिळतो. तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणजे होलशी पुन्हा जुळून तो वाया जाण्याचं प्रमाण घटतं, शिवाय औषधाचे रेणू पृष्ठभागाजवळ गोळा करतो. फक्त काळा असल्यामुळे जास्त झाला तर उजेड स्वतःच खातो. योग्य प्रमाण शोधणं हाच प्रकल्पाचा गाभा होईल.

मिथिलीन ब्लूवर प्रबंध लिहू नये. इमिडाक्लोप्रिड किंवा प्रोफेनोफॉस यांसारखं कीटकनाशक घ्यावं, एचपीएलसीची (पाण्यात औषध किती उरलं ते मोजणाऱ्या यंत्राची) सोय विद्यापीठात होते. इमिडाक्लोप्रिड उथळ पाण्यात उन्हाने आपोआपही तुटतं, म्हणून पावडरशिवायची बाटली हवीच. दिव्यातला अतिनील भाग कापायला फिल्टर महाग वाटला तर सोडियम नायट्राइटचं द्रावण भरलेलं काचेचं भांडं मधे ठेवावं, 400 खालचा प्रकाश ते अडवतं. हे मिठासारखं दिसतं आणि विषारी आहे, तेव्हा बाटलीवर ठळक नाव लिहिलेलं हवं. सुरुवातीला अर्धा तास अंधारात ढवळून शोषण स्थिर होऊ द्यावं, मग दिवा लावावा. तोच लेप किमान पाच-सहा वेळा वापरून पाहावा. पहिल्या फेरीचे आकडे सगळ्यांचेच सुंदर असतात.

निर्विष झालं का हे पाहायला बरेच विद्यार्थी मुगाला मोड आणतात. कीटकनाशकासाठी ही चाचणी कच्ची आहे, मूग कीटक नाही. डासांच्या अळ्या घ्याव्यात. मूळ द्रावण, अर्धवट फोडलेलं, पूर्ण फोडलेलं आणि विहिरीचं साधं पाणी, चारही भांड्यांत सारख्या अळ्या सोडून 24 तासांनी मोजाव्यात. अर्धवट फोडलेल्यात मूळ द्रावणापेक्षा जास्त मेल्या तर अर्धवट तुटलेलं औषध मूळ औषधापेक्षा घातक असू शकतं, हे तिला डोळ्यांनी दिसेल. उरलेल्या अळ्या नालीत ओतू नयेत, उकळून टाकाव्यात.

आणि विहिरीचं पाणी तपासायला पाठवाल तेव्हा दोन नमुने वेगळे घ्या. फ्लोराइड-नायट्रेटचा प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, कारण फ्लोराइड काचेशी खेळतं. तो भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होतो. कीटकनाशकाचा गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना करायचा, प्लास्टिक औषध शोषून घेतं. गावातल्या फील्ड टेस्ट किटमध्ये कीटकनाशकाची चाचणी नसते, ते खासगी किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच होईल. हा दुसरा नमुना उन्हाळ्यात घेऊन उपयोग नाही. फवारणी सुरू झाल्यावरच्या पहिल्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांत घ्या, आणि कोणती औषधं गावात विकली गेली त्याची यादी कृषी केंद्रातून घेऊन सोबत जोडा. यादी नसेल तर प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते कळत नाही.